वाळीत टाकण्याचा अधिकार

कचेरीत आमच्या टेबलावर ज्या फायली येतात, त्यांपैकी एका प्रकारच्या फायलीस हात लावताना आमचे मन अद्यापही थोडे कचरते. ती निलंबनाची फाइल होय. एरवी रजा, बदली, प्रवासभत्ता, वेतननिश्चिती या प्रकरणांत माणूस आकड्यांच्या आड लपलेला असतो. निलंबनाच्या फायलीत तो समोर उभा राहतो. काल जो शेजारच्या टेबलावर बसून चहा घेत होता, तो आज ‘निलंबित कर्मचारी’ झालेला असतो आणि त्याच्याविषयी टिपणी लिहिण्याचे काम आमच्याकडे आलेले असते.

परंतु हेही सांगितले पाहिजे की, ती फाइल जितकी कठोर दिसते तितकीच ती काळजीपूर्वक बांधलेली असते. १९६५ च्या वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियमांतील दहावा नियम हा तिचा पाया. आदेश लेखी हवा. तो सक्षम अधिकाऱ्याच्या सहीचा हवा. ९० दिवसांच्या आत त्याचा फेरविचार व्हावयास हवा आणि मुदत वाढविली नाही तर तो आपोआप निष्प्रभ व्हावयास हवा. निलंबित माणसाला निर्वाहभत्ता मिळतो; प्रारंभी तो अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका असतो आणि चौकशी त्याच्या दोषावाचून लांबली तर तीन महिन्यांनंतर वाढविताही येतो. आरोपपत्रात आरोप नेमका कोणता, तो कोणत्या दिवशीच्या कोणत्या कृत्यावरून, आणि पुरावा काय, हे कलमवार मांडावे लागते. बचावासाठी साहाय्यक घेता येतो, साक्षीदारांची उलटतपासणी करता येते आणि अखेर अपीलही करता येते. तीन महिन्यांत आरोपपत्रच दिले नाही तर निलंबन पुढे रेटू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निलंबन ही शिक्षा नव्हे, हे तत्त्व या साऱ्या नियमांच्या मुळाशी आहे. चौकशी निर्वेध व्हावी म्हणून माणसाला काही काळ बाजूस ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्यक्षात हे सारे नेहमी वेळेवर होते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण ते व्हावयास हवे होते, हे दाखविण्यासाठी निदान कागद तरी असतो.

ज्याचा दिवस अशा नियमांच्या सहवासात जातो, त्याने संध्याकाळी घरी येऊन काय केले, ते आता सांगावयाचे आहे.

आम्ही राहतो दुर्गापुऱ्याला. जयपूर शहरातून टोंककडे जाणारा रस्ता, त्याच्या बाजूला कृषी संशोधन संस्थेची गव्हाची शेते आणि पलीकडे लहानसे रेल्वेस्टेशन. मुंबईकडून सवाई माधोपूरमार्गे येणारी गाडी जयपूर गाठण्यापूर्वी याच स्टेशनावरून जाते. त्यामुळे गाडीची शिटी ऐकली की आमच्या घरी कोणाला ना कोणाला मुलुखाची आठवण येतेच. आमच्यासारखी बदलीच्या नोकरीची मराठी कुटुंबे या शहरात विखुरलेली आहेत. त्यांना एकत्र ठेवणारा धागा म्हणजे मोबाइलवरील एक ग्रूप. कोणाकडे गोडा मसाला आला आहे, कोणाच्या मुलाला मराठी शिकवावयाचे आहे, गणपतीची मूर्ती कोठे मिळेल, कोण आजारी आहे, हे सारे तेथे कळते. या ग्रूपचे तीन ‘ॲडमिन’. त्यांत एक आम्ही.

या ग्रूपवर एक वृद्ध गृहस्थ होते. नोकरीतून निवृत्त होऊन ते येथेच राहिले. पत्नी निवर्तलेल्या, मुले दूर. सर्वजण त्यांना काका म्हणत. गणेशोत्सवानंतर त्यांनी वर्गणीचा हिशेब विचारला. विचारला तो वाजवीच. पण विचारताना जीभ घसरली आणि खजिनदारांना त्यांनी चोर म्हटले. पुरावा काही नव्हता. खजिनदार दुखावले, त्यांचे स्नेही चिडले आणि रात्री अकराच्या सुमारास आम्हां तिघांत पाच मिनिटे बोलणे होऊन काकांना काढून टाकण्यात आले. बोट आमचे होते. दुसऱ्या दिवशी ग्रूप शांत होता, आणि एक अप्रिय काम पार पडले म्हणून आम्हांला बरेही वाटले.

दोन महिन्यांनी स्टेशनाजवळच्या भाजीवाल्यापाशी काका भेटले. हातात काठी होती. मधल्या काळात ते घरात पडले होते आणि दहा दिवस इस्पितळात होते. आम्हांपैकी कोणालाही ते ठाऊक नव्हते. कारण कळण्याची जी एक वाट होती, ती आम्हीच बुजविली होती. त्यांनी तक्रार केली नाही. एवढेच म्हणाले, “अहो, माझं चुकलं असेल. पण कुठल्या ओळीवर चुकलं, तेवढं तरी सांगायचं होतंत. हिशेब विचारला म्हणून काढलं की चोर म्हटलं म्हणून, तेच मला अजून कळलेलं नाही.”

आम्ही निरुत्तर झालो. कचेरीत जो मनुष्य ‘आरोप संदिग्ध आहे, तो नेमका करावा’ अशी टिपणी लिहितो, त्याने एका माणसाला आरोपावाचून, सूचनेवाचून आणि मुदतीवाचून काढून टाकले होते. नियम कचेरीत ठेवून आम्ही घरी आलो होतो. या प्रसंगाने जो विचार सुरू झाला, तोच येथे वाचकांपुढे ठेवीत आहो. कारण आमचा ग्रूप लहान असला तरी तोच प्रश्न आज मोठमोठ्या समाजमाध्यमांपुढे आहे. तेथेही रोज कोणाचा तरी मजकूर खाली उतरविला जातो, कोणाचे तरी खाते बंद होते, आणि दारावर ‘आमच्या धोरणाचा भंग झाला’ अशी एक ओळ लटकत राहते. माणसाला बोलत्या समाजातून काढण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि काढलेल्या माणसाचे काढणाऱ्यावर काही देणे लागते काय?

वस्तुतः हा प्रश्न आपल्याला नवा नाही. त्याला आपण ‘वाळीत टाकणे’ म्हणतो. येथे राजस्थानात ‘हुक्का-पाणी बंद’ म्हणतात. शब्द निराळे, पण अर्थ एकच. त्याच्या चिलमीतून कोणी झुरका घेणार नाही, त्याच्या घरचे पाणी कोणी पिणार नाही. माणसाला मारावयाचे नाही, हाकलावयाचेही नाही. तो आहे असे मानावयाचेच नाही. १८९३ साली कर्व्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यासह एका सभेत बसावयाचे नाही, असे ठरविले. ज्या गावात त्यांचे बालपण गेले, त्या गावानेच ही शिक्षा दिली.

याहूनही बोधप्रद आहे ते पुण्याचे चहाचे ग्रामण्य. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानिमित्त पुण्यातील प्रतिष्ठित मंडळी जमली. तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसती हाती धरली. पुढे गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने उपस्थितांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रात झळकली आणि गहजब उडाला. त्या नावांत टिळकही होते आणि रानडेही. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. त्यांनी शास्त्र्यांचे चौकशीमंडळ नेमले. टिळकांनी त्या मंडळापुढे धर्मशास्त्राच्या आधारे आपली बाजू मांडली. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारक मंडळींनी त्यांना दोष दिला.

आज हे प्रकरण हास्यास्पद वाटते. कपभर चहासाठी एवढे रामायण! परंतु फाइल लिहिणाऱ्याच्या नजरेने त्याकडे पाहिले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. आरोप नेमका होता. चौकशी झाली. आरोपीला बोलू दिले. शिक्षेत प्रतवारी होती. आणि प्रायश्चित्त म्हणजे काय? परत येण्याची वाट. इतकी सारी सामग्री आज एखाद्या बड्या संकेतस्थळाने खाते बंद केलेल्या माणसाला क्वचितच मिळते, आणि आम्ही काकांना तर त्यांतली एकही गोष्ट दिली नव्हती. मग ते ग्रामण्य न्याय्य होते काय? मुळीच नाही. चहा पिणे हा अपराधच नव्हता. चौकशी कितीही रीतसर केली तरी नियमच अन्यायाचा असेल तर निकाल न्यायाचा होत नाही. तेव्हा कसोट्या दोन आहेत: नियम न्याय्य आहे काय, आणि तो लावण्याची रीत न्याय्य आहे काय? एकीत उत्तीर्ण झाल्याने दुसरी माफ होत नाही. काकांच्या बाबतीत आमचा नियम बरोबर होता, रीत चुकली. पुण्यास रीत पुष्कळशी होती, नियम चुकला.

यालाच जोडून एक तिसरे सत्य आहे आणि ते अधिक बोचरे आहे. टिळक-रानड्यांना चौकशी मिळाली, कारण ते आत होते. ज्यांना गावाने जन्मतःच बाहेर ठेवले, त्यांच्यासाठी चौकशीमंडळ कधीच बसले नाही. आजच्या भाषेत बोलावयाचे तर त्यांचे खाते बंद केले नव्हते. ते कधी उघडलेच नव्हते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन डॉ. आंबेडकरांनी ते उघडावयास लावले, आणि त्याच वर्षी काढलेल्या पत्राला नाव दिले ‘बहिष्कृत भारत’. ज्या शब्दाने बाहेर काढले, तोच शब्द मुखपृष्ठावर छापून बोलावयास प्रारंभ करणे, याहून मोठे अपील आम्हांला ठाऊक नाही.

आमच्या ग्रूपच्या दुसऱ्या ॲडमिनना आम्ही हे सारे ऐकविले, तेव्हा ते म्हणाले, “ग्रूप खाजगी आहे. ते काही कोर्ट नव्हे. आपल्या घरात कोणाला बसवायचं ते आपण ठरवायचं.” हा युक्तिवाद हलका नाही. किंबहुना आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढेही त्याचेच एक रूप येऊन गेले आहे. मुंबई राज्याने १९४९ साली जातिबहिष्कारास बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्यास आव्हान दिले आणि १९६२ साली न्यायालयाने बहुमताने तो कायदा रद्द केला. पंथाची शिस्त राखण्यासाठी बहिष्कृत करणे हा पंथाच्या धर्मव्यवहाराचा भाग आहे, असा त्याचा आशय होता. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. बहिष्काराने माणूस आपल्याच समाजात अस्पृश्य होतो, हे त्यांना दिसत होते. पुढे महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा नवा कायदा केला. तो २०१७ साली अमलात आला. आणि १९६२ च्या निर्णयाचा प्रश्न २०२३ साली घटनापीठाने नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविला. साठ वर्षे उलटली तरी मंडळीचा हक्क मोठा की माणसाचा, हा वाद मिटलेला नाही.

आमचे मत असे: घर आणि चावडी यांत फरक आहे. आमच्या घरी कोणाला बोलवावे, हे आम्ही ठरवू. कारण आमच्या घरी न आल्याने कोणाचे काही अडत नाही. चावडीचे तसे नाही. ज्या जागी गावाच्या बातम्या कळतात, व्यवहार ठरतात, ओळखी टिकतात, तेथून माणसाला काढले तर त्याला जावयाला दुसरी जागा राहत नाही. जागेची मालकी कोणाची, यापेक्षा बाहेर काढल्यावर माणसाजवळ काय उरते, हे पाहिले पाहिजे. जितके थोडे उरत असेल, तितकी काढणाऱ्याची जबाबदारी मोठी. त्या हिशेबाने कोट्यवधी लोक जेथे बोलतात ते संकेतस्थळ चावडी आहे. आणि काकांच्या दृष्टीने आमचा शे-सव्वाशे माणसांचा ग्रूपही चावडीच होता.

यावर कोणी म्हणेल, मग काय वाटेल ते बोलू द्यावयाचे? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून फिरली आणि भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. त्यांना कोणी सूचना दिली नाही, कोणी त्यांचे म्हणणे ऐकले नाही. त्याच महिन्यात, देशभर अशा घटना घडल्यावर, एक मजकूर एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येऊ नये, असे बंधन कंपनीने भारतात घातले. अशा अफवेला चौकशीची मुदत देत बसणे म्हणजे घर जळत असता विहीर खणण्याचा ठराव मांडणे होय. हे आम्हांला मान्य आहे, आणि जो बोलण्याच्या स्वातंत्र्याविषयी लिहितो त्याने राईनपाडा विसरता कामा नये.

परंतु येथेच कचेरीतील धडा उपयोगी पडतो. मजकूर थांबविणे वेगळे आणि माणूस थांबविणे वेगळे. जळते लाकूड चुलीबाहेर पडले तर ते तत्काळ विझवावे. ते कोणी टाकले, मुद्दाम की चुकून, याची चौकशी मागाहून सावकाश व्हावी. तातडीचा उपाय हा उपायच राहिला पाहिजे; त्याची गुपचूप शिक्षा होता कामा नये. काकांचा ‘चोर’ हा शब्द त्याच रात्री पुसून टाकला असता तर ते योग्यच झाले असते. आम्ही शब्दाऐवजी माणूस पुसला.

घाईत आणखीही एक धोका असतो. २०१९ साली ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटरवरील खाते एका छायाचित्रावरून बंद करण्यात आले. ते छायाचित्र १९३६ चे, हँबुर्गच्या गोदीतील: सारा जमाव नाझी पद्धतीने हात उंचावून उभा आहे आणि एकच मनुष्य हाताची घडी घालून स्तब्ध आहे. ज्या चित्राचा अर्थच नाझींना नकार असा, ते नाझी चित्र म्हणून दोषी ठरले. सातासमुद्रापलीकडे बसून उंटावरून शेळ्या हाकल्या म्हणजे असेच व्हावयाचे. उंटांच्या या मुलुखात राहून आम्ही हे अनुभवाने सांगतो: वर बसलेल्याला शेळी आणि लांडगा सारखेच दिसतात.

तर मग हा अधिकार सरकारच्या हाती द्यावा काय? आम्ही सरकारी नोकर. आमच्या लेखणीला आचारनियमांचे कुंपण आहे आणि ते लेखी असल्यामुळे आम्ही ते समजून वागतो. तेव्हा येथे घडलेले तेवढेच सांगतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद होती त्या वेळी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या पसंत केल्या. दोघींना अटक झाली. त्यातून जी याचिका उभी राहिली, तिच्या निकालात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ‘६६ अ’ हे कलम रद्द केले. त्यातील शब्द इतके संदिग्ध की काय केले असता गुन्हा होतो, हेच कळत नव्हते. म्हणजे काकांचीच तक्रार: कुठल्या ओळीवर चुकलं? पुढे २०२१ च्या नियमांनी मोठ्या माध्यमांवर असे बंधन घातले की, त्यांनी आपण होऊन मजकूर काढावयाचा झाल्यास लिहिणाऱ्यास कारण कळवावे आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावी. आणि २०२२ च्या दुरुस्तीने कंपनीच्या निर्णयावर सरकारनियुक्त समितीकडे अपिलाची सोय झाली. सोय चांगली आहे. मात्र सरकारविषयीच्याच मजकुराचा तंटा असेल तेव्हा त्या समितीने आपला निःपक्षपातीपणा दुप्पट सिद्ध केला पाहिजे, एवढे म्हणण्यास आचारनियमांची हरकत नसावी.

सारांश, कंपनी असो, सरकार असो, पंचायत असो की तीन ॲडमिन असोत, काढणाऱ्याने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. नियम आधी सांगितला होता काय? चूक नेमकी दाखविली काय? काढण्यापूर्वी त्याचे ऐकून घेतले काय? शिक्षा चुकीच्या मानाने आहे काय? ज्याने शिक्षा दिली, त्याच्याहून निराळा कोणी फेरविचार करणार आहे काय? आणि परत येण्याची वाट ठेवली आहे काय? यांतला शेवटचा प्रश्न आम्हांला सर्वांत मोठा वाटतो. ज्या शिक्षेला शेवट नाही तिच्यातून माणूस सुधारावा, अशी अपेक्षाच तिने सोडून दिलेली असते.

आम्ही तिघे पुन्हा बसलो. चार नियम लिहून ग्रूपवर टाकले. कोणाला काढावयाचे झाल्यास आठ दिवसांची सूचना आणि ॲडमिन नसलेल्या दोघा वडीलधाऱ्यांकडे फेरविचार, असे ठरले. खजिनदारांनी आपण होऊन हिशेब मांडला; तो चोख होता. मग आम्ही काकांच्या घरी गेलो, आपली चूक कबूल केली, आणि त्यांची चूक कोणत्या शब्दात होती तेही सांगितले. त्यांनी खजिनदारांना त्याच वेळी फोन लावून तो शब्द मागे घेतला. हिशेबाचा प्रश्न मात्र मागे घेतला नाही. घ्यावयाचे कारणही नव्हते.

“मग काका, पुन्हा घेऊ ना तुम्हांला?” आम्ही विचारले.

“बघू,” ते म्हणाले. “सध्या सवय मोडलीय.”

या गोष्टीस आता बरेच दिवस झाले. बोलावणे गेलेले आहे, उत्तर अजून नाही. दर रविवारी आम्ही स्वतः त्यांच्याकडे जाऊन बसतो. चहा तेच करतात. संध्याकाळी ग्रूप उघडला म्हणजे सदस्यांच्या यादीवरून आमची नजर एकदा फिरते. दार उघडले आहे. पण एकदा तोंडावर लावलेल्या दारातून पुन्हा आत यावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार मात्र आता त्यांचा आहे.